सुरतेचा समुद्र, दमणचा मासा आणि भाचीची सुशी

सुरत समुद्राकाठी आहे, असे भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. कोसाडहून डुमसचा किनारा फार तर पंचवीस-तीस किलोमीटर. रविवारी अर्धी सुरत तिथे लोटलेली असते. पण डुमसला जाऊन मासे खाऊन आलो, असे सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. डुमसला खायची ती टमाटरची भजी, जांभळ्या कंदाची म्हणजे आपल्या कोनफळाची पुरी आणि भाजलेले कणीस. मग उंटावरून एक चक्कर आणि घरी. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी म्हण त्या शहराने मिरवली, पण त्या जेवणाच्या ताटात समुद्राला जागा नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात असे घर सापडणे कठीण, की ज्याचे कोणी सुरतेला नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा ही नावे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनाही पाठ असतात. त्यांत आता तापीच्या उत्तरेकडच्या अमरोली-कोसाडची भर पडली आहे. कोसाडला महापालिकेने उभारलेली गोरगरिबांसाठीची मोठी वसाहत आहे. नदीकाठच्या झोपड्यांतली बरीच कुटुंबे तिथे गेली. शिवाय यंत्रमागावर काम करणारे ओडिशाचे लोक त्या भागात मोठ्या संख्येने आहेत. हे ओडिया लोक आहेत म्हणून आणि आपले खानदेशी आहेत म्हणून कोसाड-अमरोलीच्या संध्याकाळच्या बाजारात मासळीची टोपली दिसते तरी. तिथे रोहू, कटला मिळतो, कधी उकाईच्या धरणातला मासा येतो आणि सुके बोंबील बारमाही असतात. ज्याला ताजे पापलेट हवे, त्याने मात्र चौकशी करीत फिरावे.

माझी थोरली बहीण कोसाडला राहते. दाजींनी पंचवीस वर्षे मागावर काढली. भाची कॉमर्स पदवीधर झाली आणि गेल्या वर्षी एका कार्यालयात हिशेबाच्या कामाला लागली. पहिले चार पगार तिने घरात दिले. पाचव्यातले पैसे बाजूला ठेवून तिने जाहीर केले, की दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी दोन दिवस समुद्रावर जायचे, खर्च तिचा. आणि तिथे तिला सुशी खायची होती. कार्यालयातल्या मैत्रिणी मोबाइलवर फोटो दाखवतात, नावे घेतात, आणि आपण नुसते मान डोलावतो, हे तिला खुपत होते. मला फोन करून म्हणाली, ‘मामा, तुम्ही भूगोल शिकवता ना, मग मला सांगा चांगला मासा आणि चांगली सुशी एकाच गावात कुठे मिळेल?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन गाठी होत्या. एक म्हणजे दाजींचे यकृत. दोन वर्षांपूर्वी ते फार आजारी पडले. डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद करायला सांगितली आणि त्यांनी ती केलीही. दुसरी गाठ पहिलीलाच बांधलेली. दक्षिण गुजरातेत मासे खायला जायचे म्हटले की बोट आपोआप दमणकडे वळते. आणि गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे दमणला जाणे याचा तिकडे एकच अर्थ होतो. दमणचे नाव निघताच बहीण म्हणाली, ‘माले दमणले जानं नही. तुम्ही खुशाल जा.’ तिच्या बोलण्यावर कोणी काही उत्तर दिले नाही. दाजी उठून गॅलरीत गेले.

आता आधी सुशीकडे वळू, कारण आपल्याकडे या शब्दाबद्दल मोठा गैरसमज आहे. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी हा भाताचा प्रकार आहे. चिकट भात शिजवून त्यात तांदळाचा शिरका, साखर आणि मीठ मिसळतात आणि त्या आंबटगोड भाताबरोबर मासा, अंडे, काकडी, काहीही देतात. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना वेगळे नाव आहे, साशिमी. सुशीचे मूळ तर जपानच्याही बाहेर, आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखात मानले जाते. तिथले लोक मीठ लावलेला नदीचा मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने आंबवून ठेवीत. पावसाळ्यात सापडलेला मासा उन्हाळ्यात खाता यावा, एवढाच उद्देश. भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा! जपानात बिवा सरोवराच्या काठी अजूनही अशी आंबवलेली सुशी करतात आणि तिचा वास म्हणे घरभर राहतो. आपण उन्हात बोंबील वाळवले, त्यांनी भातात मासा आंबवला. गरज एकच. आज फोटोत दिसते ती हातात मावणारी, झटपट सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रस्त्यावरच्या गाड्यांवर रूढ झाली. तेव्हा ते कामगारांचे, घाईत असलेल्या माणसांचे खाणे होते. आपल्या वडापावासारखे म्हणा ना.

आणखी एक गंमत. सुशीवरचा तो नारिंगी मासा, सामन, जपानी लोक पूर्वी कच्चा खातच नसत. त्यांच्या समुद्रातल्या सामनमध्ये कृमी असतात हे त्यांना ठाऊक होते. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सामन जपानला विकण्यासाठी मोठी मोहीम चालवली, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. आपल्याकडे सुशीची ओळख करून देणाऱ्या मोठ्या ठिकाणांपैकी एक म्हणजे मुंबईच्या ताजमधले वसाबी. ते २००४ साली सुरू झाले. तिथल्या एका जेवणात कोसाडच्या घराचा महिन्याचा किराणा येईल, त्यामुळे तो विषय तिथेच सोडू.

सुरतेत आज सुशी मिळत नाही असे नाही. पिपलोद-वेसूकडे हॉटेलांच्या रांगा आहेत आणि तिथे पास्ता, मोमो यांच्या बाजूला सुशीही आली आहे. ज्या शहराच्या शेजारी अंत्रोलीला जपानी सहकार्याने होणाऱ्या बुलेट ट्रेनचे स्थानक आहे आणि हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यात २०१९ पासून जपानच्या निप्पॉन स्टीलची भागीदारी आहे, तिथे सुशी येणे ओघानेच आले. भाचीला घेऊन मी अशा एका ठिकाणी गेलो. यादीत अकरा प्रकार होते, त्यांतले आठ शाकाहारी. काकडी, गाजर, अॅव्होकाडो, चीज, आणि एकात तळलेली भेंडी. सुरतेच्या गिऱ्हाइकाला तेच हवे असणार, त्यात त्यांची चूक नाही. उरलेल्या तिनांपैकी एकावर सामन लिहिले होते. मी वेटरला विचारले, हा मासा कुठून येतो, गोठवलेला येतो की बर्फातला? त्याने आत जाऊन विचारले आणि परत येऊन सांगितले, ‘सर, फ्रेश है, एकदम लोकल.’

सामन आणि लोकल! सुरतेच्या आसपास काय, भारताच्या कुठल्याच समुद्रात सामन नाही. आपल्याकडे ‘इंडियन सामन’ म्हणून जो विकला जातो तो रावस. गुजरातीत त्याच्या जातभाईंना दारा म्हणतात. मासा उत्तम, तळून किंवा कालवणात त्याला तोड नाही, पण सामनशी त्याचे काही नाते नाही. आम्ही काकडीचे रोल मागवले, खाल्ले आणि निघालो. वाईट नव्हते. हिरवी वसाबी नाकात गेली तेव्हा भाची खोकून खोकून हसली. ती हिरवी चटणीसुद्धा बहुतेक ठिकाणी खऱ्या वसाबीची नसते. हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळात मोहरी आणि हिरवा रंग घालून ती बनवतात.

‘फ्रेश’ या शब्दावर इथे थोडे थांबायला हवे, कारण घोटाळा तिथेच होतो. आपल्याला वाटते, कच्चा मासा खायचा तर तो जितका ताजा तितका बरा. चवीपुरते ते खरे आहे. पण समुद्राच्या माशांच्या पोटात आणि मांसात अनिसाकिस नावाचे बारीक कृमी असू शकतात आणि ते ताज्या माशात चांगले जिवंत असतात. त्यांना मारायला शिजवणे किंवा खोल गोठवणे हे दोनच खात्रीचे मार्ग. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कच्च्या खायच्या माशासाठी उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पक्का गोठवून तिथेच पंधरा तास, असे प्रमाण सांगितले आहे. आपल्या घरचा फ्रिज वरच्या कप्प्यात उणे १८ च्या आसपास जातो, आणि दिवसातून दहा वेळा त्याचे दार उघडते ते वेगळेच. म्हणजे चांगल्या सुशीच्या दुकानातला मासा बहुधा गोठवलेलाच असतो आणि तो तसा असावा. ‘आजच पकडलेला आहे, कच्चा खा’ असे किनाऱ्यावर कोणी म्हणाले तर हात जोडावेत. लिंबू पिळले, व्हिनेगर लावले, तरी कृमी मरत नाहीत. मांस पांढरे पडते म्हणून शिजल्यासारखे दिसते, इतकेच. आणि नदीतला, धरणातला मासा तर कच्चा कधीच नको. गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतात राहणारे कृमी माणसात जाऊ शकतात. उकाईचा रोहू रस्स्यातच शोभतो.

दाजींच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला. उबदार समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू असतात. कच्चे शिंपले, कालवे यांतून ते पोटात जातात. धडधाकट माणसाला जुलाबांवर भागते, पण ज्यांचे यकृत दुखावलेले आहे त्यांना त्यातल्या एका जातीपासून जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून यकृताचे रुग्ण, गर्भवती, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना कच्ची मासळी वर्ज्य सांगतात. मी हे भाचीला सांगितले तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ‘मग पप्पांसमोर मी एकटीच खाऊ का?’ तिच्यासाठी सुशी एकट्याने खाण्याची गोष्ट नव्हतीच.

सुदैवाने सुशीत शिजवलेलेही पुष्कळ असते. कोळंबीची सुशी उकडलेल्या कोळंबीची असते. ईल मासा भाजलेला असतो. अंड्याची तर गोड पोळीच. आणि रोलमध्ये ‘क्रॅब’ म्हणून जी लाल-पांढरी कांडी येते, तिच्यात खेकडा नावालाच असतो किंवा नसतोच. माशाचे मांस धुऊन, वाटून, त्याला आकार देऊन ती कांडी करतात. त्या वाटणाला सुरिमी म्हणतात. आपल्या वेरावळला सुरिमीचे कारखाने आहेत. राणी मासा आणि तसलेच मासे त्यात जातात आणि तो माल जपानसह अनेक देशांना निर्यात होतो. म्हणजे गुजरातेतला मासा जपानला जाऊन कांडी होऊन कुठल्याशा सुशीत बसतो आणि गुजरातेतल्या मुलीला तो फोटोत दिसतो. समुद्राच्या मासळीत गुजरात देशात आघाडीवर आहे, घोळ माशाला नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केले, पण पकडलेल्यातले पुष्कळसे बाहेर जाते आणि डुमसला भजी उरतात.

तसे डुमसला मासा नसण्याला जनतेच्या आवडीखेरीज भूगोलाचेही कारण आहे. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. त्यामुळे भरतीचे पाणी कोंडून वर चढते, भावनगरकडे तर दहा मीटरांच्याही वर. त्यात नर्मदा, तापी, मही, साबरमती या साऱ्या नद्यांचा गाळ. पाणी कायम चहासारखे. अशा गढूळ, वेगवान पाण्यात बोंबील सुखाने राहतो, बोय राहते, खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारतात. या निवट्याला सुरत-नवसारीकडे लेवटा म्हणतात आणि जाणकार त्यावर जीव टाकतात. पण सुरमई, पापलेट यांच्यासाठी दक्षिणेला सरकावे लागते. तापीत पूर्वी समुद्रातून हिलसा वर चढून येत असे. अंडी घालायला तो गोड्या पाण्यात येतो. १९७२ मध्ये उकाई पूर्ण झाले, पुढे सुरतेत सिंगणपोरला नदीवर बंधारा आला, आणि हिलशाची ती वाट मोडली. आपल्या प्रकाशे, सारंगखेड्याची तापी आणि कोसाडजवळची तापी एकच, पण समुद्राशी तिचा हिशेब आता वेगळा झाला आहे.

तेव्हा पर्याय उरले तीन. वलसाडजवळचे तिथल : किनारा काळ्या वाळूचा, देवळे सुंदर, राहायला स्वस्त, पण ते देवदर्शनाचे गाव. माशाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. दुसरा, सीमा ओलांडून पालघर जिल्ह्यात, बोर्डी-डहाणूला. तिथे घरगुती खानावळींत मासा चांगला मिळतो आणि खाली सातपाटी तर पापलेटचे माहेर. पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान दिला त्यात तिथल्या मच्छीमारांचा वाटा आहे. पण दिवाळीत बोर्डीच्या खोल्या आधीच भरलेल्या. तिसरे दमण. वापी स्टेशनवर उतरायचे, बारा-एक किलोमीटर रिक्षाने जायचे.

निर्णय दाजींनीच केला. तो कसा केला ते मला ठाऊक नाही. बहिणीशी त्यांचे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, ‘जाऊत. पन जेवन मी सांगसू तठेच.’

दमणवर पोर्तुगीजांचे राज्य १५५९ पासून १९६१ पर्यंत होते. दमणगंगेच्या उत्तरेला नानी दमण, दक्षिणेला मोटी दमण. नावाने मोटी असली तरी गजबज सारी नानीत. मोटी दमणला किल्ल्याच्या तटाआत जुनी कचेरी, बोम जेझूचे चर्च आणि शांतता. तिकडून पुढे जांपोरचा किनारा. आम्ही मोटी दमणकडे खोली घेतली आणि पहिली संध्याकाळ जांपोरला घालवली. ओहोटीला पाणी इतके मागे जाते, की चालत चालत समुद्र शोधावा लागतो. ताईच्या सासूबाई, वय पंचाहत्तर, जन्म तळोद्याकडचा, आयुष्यात प्रथमच समुद्र पाहत होत्या. त्यांनी विचारले, ‘हाई पानी कुठे ग्ये?’ भरती-ओहोटी वर्गात शिकवायला सोपी असते. वाळूत उभे राहून आजीला समजावताना मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाची नानी दमणच्या धक्क्याकडे गेलो. सुट्टीवर गेलेल्या माणसाने गावातल्या हॉटेलांच्या पाट्या वाचण्याआधी मासळी बाजार पाहावा, असे माझे ठाम मत आहे. बाजारात काय आहे ते पाहिले की हॉटेलात काय खोटे सांगतात ते कळते. त्या दिवशी बोंबील भरपूर, कोलंबी मध्यम, पापलेट थोडे पण चांगले, आणि एक मोठा घोळ, त्याभोवती गर्दी. सुरमई दिसली नाही. म्हणजे त्या दिवशी कुणी ‘ताजी सुरमई’ म्हणाले तर ती फ्रीजरमधली. विकणाऱ्या बायका आपसांत बोलत होत्या ते ऐकून भाची थबकली. ‘मामा, ही मराठीच वाटते की!’ पालघरपासून वलसाडच्या दक्षिण टोकापर्यंतच्या पट्ट्यात मांगेला समाज आहे आणि त्यांची बोली मराठीला अगदी जवळची. गुजराती अंकात भाव आणि मराठी वळणात घासाघीस, असा तो बाजार. मी नंदुरबारचा म्हटल्यावर एका मावशीने ‘ते कुठं आलं?’ असे विचारले आणि उत्तर न ऐकताच पापलेटचा कल्ला उघडून दाखवला.

घेताना काय पाहावे, हे आपल्यासारख्या समुद्र नसलेल्या जिल्ह्यातल्यांसाठी सांगून ठेवतो. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत गेलेला, दुधाळ झालेला नको. कल्ले लाल. बोटाने दाबले तर मांस परत वर यावे. वास समुद्राचा असावा, नाकाला झोंबणारा नसावा. पापलेट कल्ल्याजवळ दाबले की पांढरे दुधासारखे पाणी आले तर कोळणी तो ताजा मानतात. कोलंबीचे डोके घट्ट हवे. काळे पडून लोंबत असेल तर पुढे जावे. खेकडा जिवंत आणि हाताला जड. बोंबील गुलाबी झाक असलेला आणि उचलला तरी न तुटणारा. बांगडा आणि कुपा म्हणजे ट्यूना यांच्या बाबतीत तर बर्फ पाहूनच घ्यावे. हे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होते, अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होते, आणि ते शिजवल्यानेही जात नाही.

कापून दोन पिशव्यांत बर्फ घालून घेतले. आता रांधायचे कुठे? हॉटेलांच्या रांगेतून बहीण पुढे पुढे चालत होती. पाटीवर ‘बार’ दिसला की पाऊल उचलत होती, आणि दमणला अशी पाटी नसलेले ठिकाण सापडणे सोपे नाही. शेवटी धक्क्यामागच्या गल्लीत एका घरगुती खानावळीत विचारले. बाई म्हणाल्या, मासा तुमचा, मसाला आणि मेहनत आमची, तासाभराने या. तिथेही बियर मिळत होती. पोराने पाण्याच्या तांब्याबरोबर सवयीने पेयांचे कार्ड आणून दाजींच्या पुढ्यात ठेवले. क्षणभर कोणी बोलले नाही. दाजींनी ते कार्ड पालथे केले, त्यावर मिठाची बाटली ठेवली आणि विचारले, ‘बोंबील कधी येस?’

बोंबील आले. या माशात पाणी फार, म्हणून त्या बाईंनी ते चिरून, मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवले होते. मग हळद, तिखट, चिंच आणि वर तांदळाचे पीठ-रवा. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. आपण खानदेशात जन्मभर खातो ते सुके बोंबील. ठेच्याबरोबर, वांग्यात, भाकरीवर. ताजा बोंबील हा वेगळाच प्राणी वाटावा इतका फरक. आजींनी पहिला घास घेऊन ‘हाऊ बोंबील न्हई’ असा निकाल दिला आणि चार संपवले. पापलेट साधे तव्यावर. कोलंबीचे कालवण नारळाच्या रसातले, आंबट आणि जपून तिखट. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याची जीभ असलेल्याला ते आधी फिके वाटते, तिसऱ्या घासाला कळायला लागते. दाजींनी भाताबरोबर तीन वाट्या कालवण घेतले. बहिणीने मोजले. सगळ्यांचे मिळून बिल, बाजारातली मासळी धरूनही, वेसूच्या त्या हॉटेलात पाच जणांनी सुशी खाल्ली असती तर झाले असते त्याच्या निम्म्याहून कमी. पैसे भाचीने दिले. दाजी खिशात हात घालू लागले तेव्हा ताईने त्यांना डोळ्यांनी थांबवले.

सुशीचे काय झाले? ती कोसाडला झाली. भाचीने सुरतेतल्या एका मोठ्या दुकानातून नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदाची, दहा पानांची थैली आणली होती. दमणहून बर्फात घालून आणलेली उरलेली कोलंबी त्याच रात्री उकडली. जपानी तांदूळ महाग, म्हणून मी सुचवले इंद्रायणी घेऊ. मावळचा तो तांदूळ शिजला की चांगला चिकटतो. पाणी किंचित कमी घालून शिजवला, गरम असतानाच त्यात दोन चमचे व्हिनेगर, साखर, मीठ. बांबूच्या चटईऐवजी प्लॅस्टिकचा कागद आणि वर नॅपकिन. पहिला रोल फुटला. दुसरा लांबट झाला. तिसऱ्यापासून जमू लागले. कोलंबी, काकडी, अंड्याच्या पोळीची पट्टी. सुरी ओली करून कापली की गोल सुबक पडतात, हे भाचीच्या लवकर लक्षात आले. कच्चे काहीच नसल्यामुळे दाजींनाही चालण्यासारखे होते. सोयासॉसमध्ये मीठ फार, म्हणून त्यांना ते थेंबभर दिले. आजींनी नोरीचा वास घेऊन ताट सरकवले आणि आतला भात मात्र खाल्ला, जुन्या सुशीच्या बरोबर उलट! बहीण म्हणाली, भातात ठेचा घातला तर बरा लागेल. घातला. खरोखर बरा लागला. मैत्रिणींना दाखवायला भाचीने फोटो काढले आणि ठेच्याची वाटी चौकटीबाहेर सरकवली. मग थोडा विचार करून परत आत घेतली.

जाणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. गुजरातेत अलीकडे ती बंदी ऑगस्टच्या मध्यापर्यंत ओढली आहे. त्या दिवसांत किनाऱ्यावर ताजा म्हणून मिळणारा मासा बहुधा खाडीचा, तळ्याचा किंवा बर्फाचा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जातात, आणि दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मासे गावी आणायचे तर थर्माकोलचा डबा घ्यावा, तळाशी बर्फ, मग मासा, मग पुन्हा बर्फ, आणि पाणी निथळायला खाली एक भोक. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने रात्री निघून पहाटे नंदुरबारला उतरेपर्यंत माझे चार पापलेट जसेच्या तसे होते. भोकाखाली मात्र वर्तमानपत्र घालावे. समोरच्या बाकावरच्या बाईंनी नवापूरपर्यंत पाय वर घेऊन प्रवास केला.